कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवताना: जुन्या पेट्रोल गाडीचं काम कोणत्या क्रमाने करायचं

इंजेक्शनचं काम अर्धवट राहून उभी असलेली जुनी गाडी पाहिली की मालक सांगतो, ईसीयूने (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) घात केला. तपासायला घेतली की ईसीयू ठीक निघतो. पेट्रोलचा दाब टिकत नसतो, अर्थिंग गंजलेलं असतं, नाहीतर मॅनिफोल्डचं पॅकिंग हवा ओढत असतं. चूक क्रमात झालेली असते. आधी ईसीयू विकत घेतला जातो, मग त्याला जुळेल ते सामान शोधलं जातं, आणि इंजिनाची तब्येत शेवटी आठवते. इथे दिलेला क्रम नेमका उलटा आहे.

पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, कार्बोरेटरवाली मारुती ८००, झेन, जिप्सी अशा गाड्या डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे. मल्टिमीटर, व्हॅक्युम गेज आणि टायमिंग लाइट वापरता येत नसेल तर ते येणारा मिस्त्री सोबत घ्या. अंदाजाने होणारं हे काम नाही.

## १. करायचं का, आणि कोणत्या मार्गाने

गाडी ॲव्हरेज देत नाही किंवा गरम झाल्यावर पटकन सुरू होत नाही, एवढीच तक्रार असेल तर आधी कार्बोरेटरचा थ्रॉटल शाफ्ट हलवून पाहा. शाफ्ट ढिला असेल तर तिथून हवा जाते आणि स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता चालणारी मंद चाल) कधीच बसत नाही. लेथवाल्याकडून बुश घालून घेतलं आणि ओव्हरहॉल किट टाकली की बऱ्याच गाड्या सुधारतात, तेही इंजेक्शनच्या खर्चाच्या अगदी थोड्या भागात.

तरीही करायचं ठरलं, तर दोन मार्ग आहेत.

मार्ग क: त्याच घराण्यातल्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाडीचे भाग. मारुतीच्या जुन्या इंजिनांसाठी हाच मार्ग धरा. मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर रेल, सेन्सर, वायरिंग आणि ईसीयू हा सगळा संच एकाच गाडीतून घ्या. मात्र नाव सारखं म्हणजे हेड सारखं असं धरून चालू नका. ८००चं एफ८बी इंजिन ६ व्हॉल्व्हचं आहे आणि ऑल्टोचं एफ८डी १२ व्हॉल्व्हचं. जिप्सीतही ८ आणि १६ व्हॉल्व्ह असे दोन प्रकार आहेत. सामान घेण्याआधी तुमच्या हेडचं गॅस्केट त्या मॅनिफोल्डवर ठेवून पोर्ट आणि बोल्टची भोकं जुळवून पाहा.

मार्ग ख: कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी, त्यातच इंजेक्टर, आणि वेगळा प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (स्पीडुइनो, मेगास्क्वर्ट किंवा तशाच प्रकारचा). पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरसाठी हाच सरळ. ॲम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनात दोन-दोन सिलिंडरना मिळून एकच इनटेक पोर्ट आहे. अशा पोर्टवर इंजेक्टर बसवला तर एक सिलिंडर शेजाऱ्याच्या वाट्याचं पेट्रोल खातो, आणि ते सावरायला इंजेक्शनची वेळ फार बारकाईने जुळवावी लागते. पहिल्याच प्रयत्नात त्या फंदात पडू नका.

परदेशी तयार किटच्या जाहिराती पाहून भुलू नका. त्यातल्या बऱ्याच थ्रॉटल बॉडी मोठ्या व्ही-८ इंजिनांसाठी आहेत. ११०० सीसीच्या इंजिनाला साधारण ३८ ते ४२ मिमीची एक बॉडी पुरते. त्याहून मोठी बसवली तर पायाखाली मिलिमीटरभर ॲक्सिलरेटर हलला तरी गाडी धक्का देते.

## २. कागद आधी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. इंजिन तेच, इंजिन नंबर तोच, सीसी तेवढीच आणि इंधन पेट्रोलच राहणार असेल तर आरसी बुकातलं काही बदलत नाही. तरीही तुमच्या नोंदणीच्या आरटीओत (मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली) आधी लेखी विचारणा करा आणि उत्तर जपून ठेवा. 'एमपीएफआय करायचंच आहे तर पूर्ण इंजिनच टाकू' असा सल्ला गॅरेजात हमखास मिळतो. त्यात इंजिन नंबर बदलतो, त्यामुळे आधी परवानगी लागते.

विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अडवतो, विशेषतः गाडीला आग लागली असेल तेव्हा.

इशारा: गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि विंटेज नोंदणी करायचा विचार असेल, तर इंजेक्शन बसवू नका. त्या नोंदणीला गाडी मूळ रूपात असणं आवश्यक आहे.

## ३. इंजिन निरोगी आहे का

कार्बोरेटर बऱ्याच रोगांवर पांघरूण घालतो. इंजेक्शन घालत नाही. म्हणून कार्बोरेटर अजून जागेवर असतानाच या चाचण्या करा:

- कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. सिलिंडरांमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर आधी हेडचं काम.
- टॅपेट. कंपनीच्या मापाने सेट करा. घट्ट टॅपेटमुळे स्लोवर व्हॅक्युम डगमगतो आणि मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर गोंधळतो.
- व्हॅक्युम. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे पुस्तकातला आकडा इथे जसाच्या तसा लागू पडतो. गरम इंजिन स्लोवर असताना १७ ते २१ इंच पारा, आणि काटा स्थिर. काटा थरथरत असेल तर व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा प्लगचा प्रश्न आहे.
- थर्मोस्टॅट. इंजिन तापतं म्हणून मिस्त्रीने तो कधीच काढून फेकलेला असतो. कार्बोरेटरला त्याचा फारसा फरक पडत नव्हता. पण इंजेक्शनमध्ये इंजिन पुरेसं तापलंच नाही, तर ईसीयूला ते कायम थंड वाटतं आणि तो जास्तीचं पेट्रोल देत राहतो. मालक मग महिनोन्‌महिने मॅप (ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता) बदलत बसतो. थर्मोस्टॅट परत बसवा. त्यानंतर इंजिन तापत असेल तर रेडिएटर साफ करा.
- चार्जिंग. पंप, इंजेक्टर, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्बडा सेन्सरचा हीटर आणि ईसीयू मिळून साधारण १० ते १५ अँपिअर जास्त लागतात. डायनॅमो स्लोवर जवळपास काहीच देत नाही. दादरच्या ट्रॅफिकमध्ये हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून अर्धा तास उभं राहायचं असेल तर अल्टरनेटर हवाच.

तपासणी: हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर चालू, इंजिन स्लोवर. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.५ व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल तर पुढे जाऊ नका.

गाडीला जुन्या पद्धतीचं व्हेंचुरी मिक्सरवालं सीएनजी किट असेल तर मिक्सर हवेची वाट अडवतो, आणि एक बॅकफायर प्लॅस्टिकचं मॅनिफोल्ड फोडायला पुरतो. दोन्ही इंधनं ठेवायची असतील तर सीएनजीही सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरचं) करावं लागेल. ते पूर्ण वेगळं काम आहे. आधी पेट्रोलवर गाडी नीट चालू द्या.

## ४. इंजेक्टरचं गणित

भंगारात मिळाला तो इंजेक्टर बसवला, ही फार नेहमीची चूक. हिशेब सोपा आहे. एक अश्वशक्ती तासाभरासाठी साधारण ०.५५ पौंड पेट्रोल घेते. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा नको. ४० अश्वशक्तीच्या चार सिलिंडर इंजिनाला चार इंजेक्टर धरले तर:

४० × ०.५५ ÷ (४ × ०.८) = ६.९ पौंड दर तासाला, म्हणजे प्रत्येकी सुमारे ७२ सीसी दर मिनिटाला.

आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. त्याला हवेच्या मानाने ८ ते ९ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून ८० सीसी धरा. थोडी सूट ठेवून १०० ते १५० सीसीचा इंजेक्टर योग्य. मार्ग ख मध्ये एकच इंजेक्टर असेल तर त्याला चौघांचं काम करायचं आहे: किमान ३२० सीसी.

मोठा घेतला तर बिघडतं काय? स्लोवर इंजेक्टर जेमतेम दीड मिलिसेकंद उघडतो, आणि त्यातला बराच वेळ तर उघडण्यातच जातो. अशा इंजेक्टरवर स्लो कधीच शांत बसत नाही, मॅप कितीही घासला तरी.

दोन गोष्टी विकत घेताना तपासा. मल्टिमीटरवर इंजेक्टरचा रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम दिसला पाहिजे. २-३ ओहमवाला थेट जोडलात तर साध्या ईसीयूचा ड्रायव्हर जळतो. आणि जुने इंजेक्टर बेंचवर स्वच्छ करून प्रत्येकाचा प्रवाह मोजून घ्या, आपसात ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

## ५. पेट्रोलची लाइन: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कार्बोरेटरचा पंप ०.२ ते ०.३ बार दाब देतो. इंजेक्शनला साधारणपणे ३ बार लागतात, म्हणजे दहापट. जुन्या लाइनमधला एकही रबरी तुकडा यात चालणार नाही.

जागा. हे काम सोसायटीच्या बेसमेंटमध्ये करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. उघडी जागा, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, जवळ पावडरचं अग्निशामक, आणि मोबाइल चार्जरपासून ग्राइंडरपर्यंत ठिणगीचं काही नाही.

१. टाकी उतरवून साफ करा. आतला गंज पाहा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि मुंबईच्या हवेत ते पाणी कमी पडत नाही. अनेक वर्षं कार्बोरेटरवर चाललेल्या टाकीत तळाला तांबडा गाळ असतोच. टाकीला रिटर्नचं तोंड जोडायचं असेल तर पेट्रोलच्या टाक्या रोज करणाऱ्या कारागिराकडेच द्या. 'रिकामी' टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

२. पंप टाकीच्या जवळ आणि टाकीच्या तळाच्या पातळीला. बाहेरचा इंजेक्शन पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट. बोनेटमध्ये बसवलेला पंप एप्रिलच्या दुपारी वाफ ओढून ओरडायला लागतो. प्रवाहाची काळजी नको: ४० अश्वशक्तीला तासाला जेमतेम १४ लिटर लागतात, कुठल्याही छोट्या एमपीएफआय गाडीचा पंप त्याहून कितीतरी जास्त देतो. उरलेलं टाकीत परत जातं.

३. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर (१०० मायक्रॉनच्या आसपास), पंपानंतर १० मायक्रॉनचा इंजेक्शनचा धातूचा फिल्टर. क्रम उलटा केला तर बारीक फिल्टरमुळे पंपाला पेट्रोल ओढताच येत नाही आणि तो जळतो.

४. सर्ज टाकी. जुन्या टाकीत आडव्या पट्ट्या नसतात. टाकी पाव भरलेली असताना वळणावर पेट्रोल बाजूला जातं, पंप हवा ओढतो, गाडी झटका देते. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये साठा असायचा, म्हणून हे कधी जाणवलं नाही. १ ते २ लिटरची सर्ज टाकी आणि तिला भरणारा कमी दाबाचा पंप, हा खात्रीचा उपाय.

५. पाइप. लांब अंतरात धातूचा पाइप, फक्त जोडांपाशी रबर. होजवर 'एसएई जे३० आर९' छापलेलं हवं आणि तो इथेनॉल चालणारा असावा. आर७ कार्बोरेटरसाठी आहे. टाकीत बुडणाऱ्या तुकड्याला आर१० लागतो. नागदेवी भागात सगळे प्रकार मिळतात, नकलाही मिळतात. छाप पुसट किंवा नसलेला होज घेऊ नका.

६. क्लिप. दात्यांची नेहमीची क्लिप होज कापते. कडा वळवलेली, बोल्टने आवळायची इंजेक्शन क्लिप वापरा.

७. रेग्युलेटर. मार्ग क मध्ये रेलवर रेग्युलेटर असेल तर त्याची व्हॅक्युम नळी मॅनिफोल्डला जोडा. टाकीतच रेग्युलेटर असलेला संच असेल तर मागेच ३ बार ठरतात, पुढे काही जोडायचं नाही. मार्ग ख मध्ये इंजेक्टर थ्रॉटलच्या पाकळीच्या वर असतो, तिथे ही नळी मॅनिफोल्डला जोडायची नाही, हवेत उघडी ठेवायची. एका इंजेक्टरच्या काही थ्रॉटल बॉडी १ बारवरच चालतात. ३ बार देण्याआधी ते नक्की करा.

इशारा: जुना मेकॅनिकल पंप 'राहू दे, मदतच करेल' म्हणून लाइनमध्ये ठेवू नका. ३ बारला त्याचा डायफ्राम फाटतो आणि पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. पंप काढा, त्या जागी पत्र्याची जाड प्लेट आणि गॅस्केट लावा.

तपासणी: पंपाला बॅटरीवरून थेट वीज द्या. गेजवर ठरलेला दाब आला पाहिजे. १० मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. बंद केल्यावर दाब लगेच शून्यावर येत असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतो आहे. हे पास झाल्याशिवाय वायरिंगला हात लावू नका.

## ६. हवा आणि सेन्सर

थ्रॉटल बॉडीखालची ॲडॅप्टर प्लेट लेथवर दोन्ही बाजूंनी सपाट करून घ्या. नुसतं सीलंट फासून बसवलेली प्लेट दोन महिन्यांत हवा ओढू लागते. ॲक्सिलरेटरला परत खेचणाऱ्या स्प्रिंगा दोन हव्यात, एक तुटली तरी पाकळी बंद झाली पाहिजे. मार्ग ख मध्ये मॅनिफोल्ड गरम ठेवणारी मूळ व्यवस्था, पाण्याची असो वा एक्झॉस्टची, काढू नका. पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटू नये म्हणून ती लागते.

- पाण्याच्या तापमानाचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला. पलीकडे बसवला तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत त्याला काही कळत नाही.
- हवेच्या तापमानाचा सेन्सर थ्रॉटलच्या आधी, एअर क्लीनरच्या पाइपात. मॅनिफोल्डच्या धातूत बसवला तर सिग्नलला दहा मिनिटं उभं राहिल्यावर तो हवेचं नव्हे, धातूचं तापमान सांगतो. ईसीयू पेट्रोल कमी करतो आणि गाडी निघताना अडखळते.
- थ्रॉटल सेन्सर: बंद असताना ०.५ व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर ४.५च्या आसपास. मध्ये कुठेही उडी नको. हळूहळू दाबत मीटर पाहा.
- मॅप सेन्सर: मॅनिफोल्डच्या मधल्या भागातून थेट, छोटी, कडक नळी. ब्रेक बूस्टरच्या नळीत टी जोडून काम भागवू नका.
- वाइडबँड लॅम्बडा सेन्सर (बॉशचा एलएसयू ४.९ सहज मिळतो): सगळे पाइप एकत्र आल्यानंतर, सायलेन्सरच्या बराच आधी, पाइपाच्या वरच्या अर्ध्यात. घड्याळाच्या १० ते २ या भागात, म्हणजे पाणी त्यात साचत नाही. जोडणी न करता नुसता बसवून गाडी चालवलीत तर काजळीने तो खराब होतो.

साबणाचं पाणी किंवा धुराचं यंत्र वापरून मॅनिफोल्डची गळती शोधा. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारण्याची सवय सोडा.

## ७. वायरिंग

मार्ग क वाल्यांनो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ईसीयू घेताना त्याच गाडीचं पूर्ण वायरिंग कापून न काढता सोडवून आणायला सांगा. इमोबिलायझर असलेल्या गाडीचा ईसीयू असेल तर चावी आणि त्याचं युनिटही सोबत हवं, नाहीतर इंजिन एकदा भुर्रकन सुरू होऊन बंद पडेल. रिले, शील्डेड वायर आणि चांगल्या टर्मिनल्ससाठी लॅमिंग्टन रोड.

वीज बॅटरीवरून मेन रिलेत, तिथून वेगवेगळ्या फ्यूजमधून: पंप १५ अँपिअर, इंजेक्टर १०, ईसीयू ५, लॅम्बडाचा हीटर १०. पंपाला २.५ चौरस मिमी वायर, इंजेक्टरच्या मुख्य फीडला १.५, सेन्सरला ०.५ ते ०.७५. पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात द्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंप थांबतो. त्यातच धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच टाका. पंप थेट चावीच्या फीडवर जोडणं हे धोकादायक काम आहे. अपघातात इंजिन बंद पडतं, पण पंप फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो.

अर्थिंगचे तीन नियम. बॅटरी, बॉडी आणि इंजिन यांच्यात जाड नवी पट्टी. ईसीयूच्या पॉवर अर्थ वायरी एकाच ठिकाणी, इंजिन ब्लॉकवर, रंग खरवडून. सेन्सरांचा अर्थ फक्त ईसीयूच्या सेन्सर अर्थ पिनला, बॉडीला कुठेही नाही. हा तिसरा नियम मोडला की इंडिकेटर लावल्यावर मिक्स्चर बदलतं आणि कारण कुणालाच सापडत नाही.

जोड क्रिंप करा, वर हीट श्रिंक चढवा. सोल्डर केलेला जोड इंजिनाच्या थरथरीने नेमका सोल्डर संपतो तिथे तुटतो.

ईसीयू केबिनमध्ये, डॅशबोर्डखाली, शक्य तितका वर. हिंदमाता किंवा मिलन सबवेला साचलेलं पाणी गाडीच्या फ्लोअरपर्यंत येतं, सीटखाली ठेवलेला ईसीयू तिथे पहिला जातो. कनेक्टरचं तोंड खाली आणि वायरीला खाली झोळ, म्हणजे पाणी ओघळून बाहेर पडतं.

तपासणी: सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर पट्टी बदला. बॅटरीचा व्होल्टेज सेल्फ मारताना ९.५च्या खाली गेला तर ईसीयू मध्येच रीसेट होऊ शकतो.

## ८. इग्निशन आणि आरपीएमचा सिग्नल

मार्ग ख मध्ये पहिल्या टप्प्यात फक्त पेट्रोल ईसीयूकडे द्या. टायमिंग डिस्ट्रिब्युटरकडेच राहू द्या, ॲडव्हान्सचे वेट आणि व्हॅक्युमसकट. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड कशात आहे ते ओळखता येत नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मात्र टाका.

कॉइलच्या निगेटिव्हवरून सिग्नल घ्यायचा असेल तर तो ईसीयूच्या टॅको (आरपीएमच्या) इनपुटला योग्य सर्किटमधूनच द्या. तिथे क्षणभर काहीशे व्होल्टचा झटका येतो, साधी इनपुट पिन जागीच मरते. प्लग रेझिस्टरवाले आणि प्लगच्या वायरी कार्बनच्या हव्यात. तांब्याच्या जुन्या वायरी इतका गोंगाट करतात की ३००० आरपीएमला मीटर ७००० दाखवतो.

पुढे टायमिंगही ईसीयूला द्यायचं झालं तर पुलीवर ३६ वजा १ दात्यांचं (३६ दात्यांतला एक नसलेलं) चाक आणि सेन्सर, गॅप ०.८ ते १ मिमी. त्या वेळी डिस्ट्रिब्युटरचे दोन्ही ॲडव्हान्स जाम करायला विसरू नका, नाहीतर टायमिंग दोनदा पुढे जाईल आणि पिस्टन जातील.

## ९. पहिल्यांदा सुरू करताना

१. इंजेक्टरचे कनेक्टर काढा. सेल्फ मारा. लॅपटॉपवर १५० ते २५० आरपीएम स्थिर दिसले पाहिजेत. आकडा उड्या मारत असेल तर इथेच थांबा.

२. ईसीयूकडे टायमिंग असेल तर ते १० अंशांवर कायम करा आणि टायमिंग लाइटने पुलीवरची खूण जुळते का पाहा. स्क्रीनवर १० आणि पुलीवर १८ असेल तर स्क्रीन खोटं बोलते आहे.

३. सगळे सेन्सर वाचा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात पाणी आणि हवा दोन्ही जवळपास सारखं तापमान दाखवतील. इंजिन बंद असताना मॅप सेन्सर मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास हवा.

४. लॅम्बडाची आपोआप दुरुस्ती बंद ठेवा.

५. इंजेक्टर जोडा, चावी फिरवा, पंपाचा दोन सेकंदांचा आवाज ऐका, मग सेल्फ. एक माणूस बोनेटपाशी अग्निशामक घेऊन.

दहा सेकंदांत सुरू झालं नाही तर सेल्फ मारत राहू नका. प्लग काढा. ओले असतील तर पेट्रोल जास्त, कोरडे असतील तर पोहोचतच नाही. या एका नजरेने अर्धा गोंधळ मिटतो.

## १०. ट्यूनिंग

गेजवर एअर-फ्युएल रेशो न पाहता लॅम्बडा पाहा. शुद्ध पेट्रोलला १४.७ लागतं, ई२०ला साधारण १३.५. पण लॅम्बडा १ (हवा आणि इंधन नेमक्या प्रमाणात) म्हणजे दोन्हीकडे १च. आकडा १च्या खाली म्हणजे रिच, पेट्रोल जास्त; वर म्हणजे पातळ, पेट्रोल कमी.

सुरुवातीचे आकडे: गरम स्लोवर ०.९५ ते १, सरळ चालीत १, पूर्ण ॲक्सिलरेटरवर ०.८६ ते ०.८८. ॲव्हरेजच्या मोहाने पूर्ण लोडवर १ ठेवू नका, जुनी इंजिने नॉकिंग लगेच सुरू करतात.

क्रम असा: गरम इंजिनावर स्लो, मग सरळ चाल, मग चढ आणि पूर्ण लोड, मग अचानक ॲक्सिलरेटर दाबल्यावरचं जादा पेट्रोल, आणि सगळ्यात शेवटी थंड सुरुवात. बहुतेक लोक सकाळच्या थंड सुरुवातीपासून आरंभ करतात, कारण तीच आधी खुपते. पण खालचा मॅप चुकीचा असताना लावलेली थंड सुरुवात नंतर पुन्हा पूर्ण लावावी लागते. मुंबईत थंडी नावालाच, चोकच्या जागी थोडंच जादा पेट्रोल पुरतं.

सरळ चालीसाठी पहाटे पूर्व मुक्त मार्ग, वेगमर्यादेत. लोडसाठी केम्प्स कॉर्नरहून पेडर रोडचा चढ, आणि सगळं जमल्यावर खंडाळ्याचा घाट. गाडी एकाने चालवायची, लॅपटॉप दुसऱ्याने पाहायचा. एका फेरीत एकच गोष्ट बदला आणि बदलण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा.

लॅम्बडा पातळ दाखवतो म्हणून पेट्रोल वाढवण्याआधी एकदा सायलेन्सरची गळती पाहा. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भोक असेल तर बाहेरची हवा आत येते, सेन्सर फसतो, आणि तुम्ही रिच गाडी आणखी रिच करता. पूर्ण लोडवर पातळ होत असेल तर मॅपआधी पेट्रोलचा दाब पाहा. विंडस्क्रीनला चिकटपट्टीने गेज लावून फेरी मारा, पण पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नका, इलेक्ट्रिक सेन्सरचं गेज वापरा.

तपासणी: मॅप बसला की पीयूसी करून घ्या. बीएस-२च्या आधीच्या पेट्रोल गाडीला स्लोवर सीओची मर्यादा ३ टक्के आहे. नीट बसलेलं इंजेक्शन त्याच्या बरंच खाली येतं. १.५च्या वर असेल तर स्लोचा मॅप पुन्हा पाहा.

## ११. पहिले १,००० किमी

१०० किमीनंतर पेट्रोलच्या सगळ्या क्लिपा आणि मॅनिफोल्डचे नट गार इंजिनावर पुन्हा आवळा. ५०० किमीला पंपानंतरचा फिल्टर बदला, कितीही नवा दिसला तरी. टाकीतला राहिलेला गाळ त्यातच येतो. ऑइलची डिपस्टिक हुंगा: पेट्रोलचा वास आला तर इंजेक्टर गळतो आहे किंवा मिक्स्चर फार रिच आहे, ऑइल बदलून कारण शोधा.

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी अर्थच्या पट्ट्या उघडून घासा, पेट्रोलियम जेली लावा, बंद करा. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्याला हिरवा थर दोन पावसांत चढतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेतली दमट हवाच ई२०मध्ये पाणी घालते.

वायरिंगचा नकाशा, प्रत्येक फ्यूजचं काम, पेट्रोलचा ठरलेला दाब आणि शेवटच्या मॅपच्या फाइलचं नाव एका कागदावर लिहून, लॅमिनेट करून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. फाइलची एक प्रत घरी, एक पेन ड्राइव्हमध्ये गाडीत. सोबत पंपाचा एक रिले, दोन फ्यूज आणि मीटरभर आर९ होज.